वैद्य कोणास म्हणावे? : महाराष्ट्रातील वैद्यकव्यवसायाच्या कायद्याचा शब्दाश्रयी इतिहास

वैद्यकाचा धंदा कोणी करावा व कोणी करू नये, हा प्रश्न वरकरणी वैद्यकशास्त्राचा दिसतो. त्याचा निर्णय मात्र सर्वत्र कायद्याने केलेला आहे, आणि कायद्यास तो शब्दांच्याच साहाय्याने करावा लागतो. मराठवाड्याच्या दृष्टीने पाहिल्यास 'वैद्य', 'हकीम', 'डॉक्टर' आणि 'नोंदणीकृत वैद्यकव्यवसायी' हे शब्द निजामाचे राज्य, द्वैभाषिक मुंबई राज्य व महाराष्ट्र अशा तीन राजवटींतून गेलेले आहेत, आणि प्रत्येक राजवटीत त्यांच्या अर्थाची कक्षा बदललेली आहे. हा इतिहास तपासू लागले म्हणजे एक गोष्ट विशेषत्वाने नजरेत भरते. चिकित्सा करणे म्हणजे नेमके काय करणे, हे येथील कायद्याने जवळजवळ कोठेच सांगितलेले नाही. चिकित्सकांच्या यादीत कोणाचे नाव आहे, एवढेच त्याने पुनःपुन्हा व अधिकाधिक काटेकोरपणे सांगितले आहे. क्रियेची व्याख्या मोकळी सोडून कर्त्याची यादी करणे, ही पद्धत सोयीची खरी. परंतु तिचे परिणाम दूरवर पोहोचले असून त्यांची झळ विशेषतः ग्रामीण रोग्यास लागलेली आहे.

प्राचीन ग्रंथांतील विचार या बाबतीत मुळातच वेगळा आहे. सुश्रुतसंहितेत अध्ययन पुरे केलेल्या शिष्याने राजाची अनुज्ञा घेऊन मगच व्यवसायाच्या मार्गास लागावे असे सांगितलेले आहे. म्हणजे परवान्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, हा समज बरोबर नाही. इतकेच नव्हे, तर कुवैद्य लोभाने लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळे, असेही त्याच ग्रंथाचे म्हणणे आहे. दोष रोग्याच्या अज्ञानावर ढकललेला नाही. चरकसंहितेत भिषजांचे तीन प्रकार केले आहेत: वैद्याच्या केवळ बाह्य उपकरणांनी व आविर्भावाने वावरणारा छद्मचर, थोरामोठ्यांच्या नावाच्या आधाराने मिरविणारा सिद्धसाधित, आणि खऱ्या वैद्यगुणांनी युक्त असा तिसरा. पहिल्या दोहोंना ओळखण्याची खूण त्यांच्या वागणुकीत आहे. त्यांची नावे कोणत्या पटावर आहेत, याचा विचार तेथे नाही.

दंडाचे मापही असेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्राणास धोका असलेल्या विकाराची वर्दी न देता उपचार करणाऱ्या वैद्याचा रोगी दगावल्यास त्यास प्रथम साहसदंड, आणि वैद्याच्या कृतीतील चुकीमुळे मृत्यू आल्यास मध्यम साहसदंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत मिथ्या उपचार करणाऱ्या भिषजास जनावराच्या बाबतीत प्रथम, मनुष्याच्या बाबतीत मध्यम व राजपुरुषाच्या बाबतीत उत्तम दंड आहे. राजपुरुषाचा देह सामान्य माणसाच्या देहाहून महाग ठरविणारे हे माप आज कोणास पटणार नाही. परंतु ते कृतीचे व परिणामाचे माप आहे, यात शंका नाही. या वचनांची अंमलबजावणी प्रत्यक्षात कितपत होत असे, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. नियम कोणत्या प्रकारचा होता, एवढेच पाहावयाचे आहे.

गावाच्या व्यवहारात तर यादीची कल्पनाच नव्हती. मराठवाड्याच्या बोलीत उपचार करणाऱ्यांसाठी जे शब्द आहेत ते बहुधा कामावरून पडलेले आहेत. मोडलेले हाड बसवितो तो हाडवैद्य, बाळंतपण करते ती सुईण, गळवे फोडून मलमपट्टी करतो तो जर्राह. पालापाचोळ्याच्या व मुळ्यांच्या झोळ्या घेऊन बाजाराबाजारांतून फिरणारा, तुंबडी लावणारा वैदू हा भटक्या जमातीचा; त्याचे जातिनामच धंद्याचे नाव होऊन बसले, की धंद्याचे नाव जातीस चिकटले, हे ठरविणे कठीण आहे. 'वैद्य' आणि 'वैदू' हे एकाच शब्दाचे दोन अवतार होत. एक वाड्यात शिरला, दुसरा पालात राहिला. या सर्वांची पारख करण्याचे लोकांचे शब्दही ठरलेले होते. औषधाचा 'गुण येतो', वैद्यास 'हातगुण' असतो, 'हाताला यश' असते. 'नीम हकीम खतरे जान' ही उर्दू म्हण या भागात मराठी बोलणाऱ्यांच्याही तोंडी रुळलेली आहे. तिच्यातही अर्धवट ज्ञानाची भीती आहे, नाव यादीत नसण्याची नाही. हातगुणाची ही कसोटी निर्दोष होती असे अर्थातच नाही. बरा झालेला रोगी साक्ष देतो, मेलेला देत नाही, हे तिचे मोठे वैगुण्य. आणि यादीची कल्पना पुढे आली ती काही अंशी या वैगुण्यामुळेच.

ही कल्पना ज्या स्वरूपात आपल्याकडे आली, तिचे मूळ इंग्लंडच्या १८५८ च्या वैद्यकीय अधिनियमात आहे. त्या अधिनियमाने सर्वसाधारण वैद्यक परिषद स्थापन करून अर्हताप्राप्त व्यवसायींची नोंदवही सुरू केली. पण नोंदवहीबाहेरच्या माणसाने औषध देण्यास त्याने मनाई केली नाही. मनाई केली ती आपण नोंदणीकृत आहो असे खोटे भासविण्यास. रोग्याने भोंदूकडे जावयाचे असेल तर जावे, परंतु भोंदू कोण व डॉक्टर कोण हे त्यास नावावरून कळावे, असा त्या काळच्या इंग्रजी उदारमतवादाचा दृष्टिकोण होता. अमेरिकेतील संस्थानांनी पुढे वेगळी वाट धरली. तेथे परवान्याशिवाय उपचार करणेच गुन्हा ठरले, वेस्ट व्हर्जिनियाचा असा कायदा १८८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, आणि रोगाचे निदान करणे, औषध सांगणे, शस्त्र चालविणे अशा क्रियांची गणना करून 'वैद्यक करणे' याची व्याख्या देण्याचा प्रघात तेथे पडला. हिंदुस्थानाने इंग्लंडची नोंदवही घेतली, आणि कालांतराने तिला अमेरिकेसारखी मनाई जोडली. व्याख्या मात्र घ्यावयाची राहून गेली.

मुंबई इलाख्याचा १९१२ चा वैद्यकीय अधिनियम हा या देशातील पहिला. बंगाल व मद्रास यांनी १९१४ साली त्याचे अनुकरण केले. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून तोवर डॉक्टरांच्या अनेक पिढ्या बाहेर पडल्या होत्या. त्यांस आपली ओळख खाजगी विद्यालयांच्या स्वस्त पदव्यांपासून वेगळी राखावयाची होती. १९१६ चा भारतीय वैद्यकीय पदवी अधिनियम याच हेतूने झाला. भाषेच्या अभ्यासकाने त्यातील एक व्याख्या लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. 'पाश्चात्त्य वैद्यकशास्त्र' म्हणजे काय, हे सांगताना त्या अधिनियमाने अ‍ॅलोपॅथिक वैद्यक, प्रसूतिशास्त्र व शस्त्रक्रिया यांच्या पाश्चात्त्य पद्धतींचा निर्देश केला, आणि लगेच होमिओपॅथी, आयुर्वेद व युनानी या पद्धती त्यात येत नाहीत असे म्हटले. पाश्चात्त्य म्हणजे पाश्चात्त्य, आणि ते इतर नव्हे! जर्मनीत जन्मलेली होमिओपॅथी 'पाश्चात्त्य' या शब्दातून बाहेर गेली, हा त्यातला गमतीचा भाग सोडून दिला तरी, दिशावाचक विशेषण येथे ज्ञानवाचक झाले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

नोंदवहीचा उपयोग बाहेरच्यांना बाहेर ठेवण्यापेक्षा आतल्यांना आत बांधून ठेवण्यासाठी आधी झाला. मुंबईतील प्रभुराम आयुर्वेदिक महाविद्यालयाशी संबंध ठेवल्याबद्दल डॉ. पोपट प्रभुराम यांच्यावर मुंबई वैद्यक परिषदेने कारवाई केली. मद्रासेतही असेच एक प्रकरण त्याच सुमारास गाजले. नोंदणीकृत डॉक्टराने नोंदणी नसलेल्या वैद्यांच्या विद्यालयाशी सहकार्य करणे हे व्यावसायिक दुर्वर्तन, असा परिषदांचा युक्तिवाद होता. डॉ. पोपट प्रभुराम यांचे आडनाव 'वैद्य' असेच होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे नाव आणि नोंदवहीतील नाव यांचा झगडा एकाच माणसाच्या नावात असा स्पष्ट उमटलेला क्वचितच आढळेल.

हे सर्व गोदावरीच्या अलीकडे, ब्रिटिश मुलखात. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, आणि तेथील शब्दांची घडण निराळी होती. हैदराबादेत १८४६ साली निजाम नासिरुद्दौला याच्या कारकिर्दीत रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली वैद्यकीय शाळा निघाली. तेथे पाश्चात्त्य वैद्यक शिकवीत, परंतु आरंभीची कित्येक वर्षे ते उर्दूतून शिकवीत. आणि उत्तीर्ण होणाऱ्यास जी पदवी मिळे ती 'हकीम' ही होती. म्हणजे मुंबईत ज्यास डॉक्टर म्हणत, त्यास हैदराबादेत राजमान्यतेने हकीम म्हणत. गावातील युनानी हकीम आणि शाळेतून शिकून आलेला हकीम एकाच नावाने वावरत असत. पुढे हैदराबादेतील हे शिक्षण इंग्रजीत गेले. १९१७ साली भाषांतरासाठी दारुत्तर्जुमा आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर वैद्यकासह सर्व शास्त्रे पुन्हा उर्दूत आणण्याचा प्रचंड उद्योग झाला. युनानी वैद्यकासही संस्थानात राजाश्रय होता. चारमिनारजवळचे निजामिया रुग्णालय हे त्याचे ठळक चिन्ह. १९१६ च्या कायद्याने ज्यास नकारार्थी व्याख्येत टाकले, ती युनानी पद्धती येथे दरबाराच्या खर्चाने चालत होती. कायद्याने केलेला 'शास्त्रीय' आणि 'अशास्त्रीय' हा भेद सरहद्दीवर बदलत होता, हे यावरून उघड होते.

मराठवाड्यातील खेड्यांस मात्र या राजाश्रयाचा उपयोग फार थोडा झाला. रुग्णालये मोठ्या गावी, वैद्यकीय विद्यालय दूर हैदराबादेत. या पाच जिल्ह्यांचे पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेत निघाले ते १९५६ साली, म्हणजे संस्थान विलीन होऊन आठ वर्षे झाल्यावर. मधल्या काळात रोग्याने जावयाचे ते हाडवैद्याकडे, सुइणीकडे, मांत्रिकाकडे किंवा कोठल्या तरी दवाखान्यात कंपौंडर म्हणून राहून चार गोष्टी शिकून आलेल्या माणसाकडे.

इकडे मुंबई प्रांतात १९३७ साली बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले व डॉ. गिल्डर हे आरोग्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत संमत झालेला १९३८ चा मुंबई वैद्यकव्यवसायी अधिनियम हा वैद्य व हकीम यांस कायद्याच्या कक्षेत सन्मानाने आणणारा देशातील पहिल्या कायद्यांपैकी एक होय. राष्ट्रीय चळवळीत आयुर्वेदाचा जो अभिमान जागा झाला होता, त्याचे हे फळ. पण फळ आले ते नोंदवहीच्याच रूपाने. येथे एक नवा प्रश्न उद्भवला. पदवी असलेल्यांची नोंद करणे सोपे. परंतु ज्यांच्याजवळ पदवी नाही आणि ज्यांच्या औषधाने गावाला तीस वर्षे गुण येत आहे, त्यांचे काय करावयाचे? कायद्याने तोड काढली ती अशी की, अर्हताप्राप्तांसाठी 'नोंदवही' आणि कायदा लागू होताना आधीच व्यवसायात असलेल्यांसाठी वेगळी 'यादी'. मराठीत हे दोन शब्द जवळजवळ समानार्थी. कायद्यात त्यांच्यामध्ये पायरी आहे. नोंदवहीतला 'नोंदणीकृत', यादीतला केवळ 'सूचिबद्ध'.

ही तोड व्यवहाराला धरून होती. तिच्यामागील तर्क मात्र विचित्र आहे. एका ठराविक दिनांकापर्यंत मिळविलेला अनुभव हे ज्ञान, आणि त्याच माणसाच्या मुलाने त्या दिनांकानंतर बापाच्या हाताखाली मिळविलेला अनुभव हा गुन्हा, असा त्याचा अर्थ होतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक कायद्यात अशी एक खिडकी काही काळ उघडलेली आणि मग कायमची बंद केलेली दिसते. शिवाय खिडकीपाशी पोहोचण्यास अर्ज लिहावा लागे, दाखला आणावा लागे, फी भरावी लागे. लिहिता येणारा वैद्य आत आला; लिहिता न येणारा वैदू व हाडवैद्य बहुधा बाहेर राहिला. ज्ञानाची परीक्षा घ्यावयाची म्हणून केलेला कायदा अशा रीतीने नकळत साक्षरतेची परीक्षा घेऊन बसला.

सुइणीची गोष्ट याहून निराळी. १९३५ साली मुंबई प्रांताने परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा केला. त्या कायद्यातील 'सुईण' म्हणजे प्रशिक्षित प्रसाविका. गावातील परंपरागत सुईण त्या शब्दात बसत नाही. तिचा शब्द कायद्याने घेतला आणि तिला बाहेर ठेवले. वास्तविक पिढ्यान्‌पिढ्या खेड्यांतील बहुतेक जन्म तिच्याच हातून झाले. पुढे सरकारी योजनांतून तिला 'दाई' म्हणून प्रशिक्षण व साहित्याची पेटी मिळाली. ती व्यवसायी आहे की नाही, याचे सरळ उत्तर मात्र मिळाले नाही.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा व विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा एका राज्यात तीन प्रदेशांचे तीन वारसे एकत्र आले: मुंबई इलाख्याचा, मध्यप्रांत-वऱ्हाडाचा आणि हैदराबादचा. त्यांस एका सूत्रात बांधण्यासाठी १९६१ चा महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी अधिनियम झाला. अधिनियम मुख्यतः आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यवसायींच्या नोंदणीचा; परंतु राज्यातील सर्वच वैद्यकव्यवसायाला लागू पडणारी सर्वसाधारण मनाई त्याच्याच ३३ व्या कलमात आहे. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम १९६५ साली आला, होमिओपॅथीचा वेगळा अधिनियम १९५९ चा. तोतया डॉक्टरावर खटला भरताना पोलिस वैद्यांच्या कायद्याचा आधार घेतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

या ३३ व्या कलमाची वाक्यरचना व्याकरणाच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्याचा आशय असा की, या अधिनियमाखालील, होमिओपॅथीविषयक अधिनियमाखालील, किंवा आधुनिक वैद्यकाविषयीच्या अधिनियमांखालील नोंदवहीत ज्याचे नाव आहे, अशा व्यवसायीखेरीज अन्य कोणीही राज्यात कोणत्याही पद्धतीने वैद्यकव्यवसाय करू नये. आता नोंदवह्या अनेक, आणि पद्धतीही अनेक. यांतील संबंध जोडीजोडीचा समजावयाचा, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या नोंदवहीच्या पद्धतीने व्यवसाय करावा? की कोणत्याही एका नोंदवहीत नाव असले म्हणजे कोणतीही पद्धती मोकळी? कायदा करणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असणे संभवनीय आहे. पण वाक्यातील शब्द दुसऱ्या अर्थास आडवे येत नाहीत. 'राम व श्याम यांखेरीज कोणीही गाडी किंवा घोडा घेऊ नये' या वाक्यावरून रामाने घोडाच घ्यावा असे ठरत नाही. जी संदिग्धता शाळेतील मुलाच्या वाक्यात शिक्षक तांबड्या शाईने दाखवितो, तिच्या आधारावर राज्यातील असंख्य दवाखाने उभे राहिले. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची नोंदणी आणि कपाटात आधुनिक औषधे, हे दृश्य महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते.

त्याच कलमास एक परंतुकही आहे. विशिष्ट वर्गास किंवा विशिष्ट क्षेत्रास अटींवर सूट देण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला. जेथे डॉक्टर पोहोचत नाही तेथे मनाईचा अर्थ रोग्याला उपचारच न मिळणे असा होईल, ही जाणीव कायदा करणाऱ्यांस होती. कायद्यातील सर्वांत माणुसकीचे वाक्य कित्येकदा परंतुकातच सापडते.

केंद्रीय कायद्यांनी पेच सोडविण्याऐवजी वाढविला. १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद अधिनियमाने 'वैद्यक' म्हणजे सर्व शाखांसह आधुनिक शास्त्रीय वैद्यक, शस्त्रक्रिया व प्रसूतिशास्त्र यांसह, अशी व्याख्या केली. १९१६ च्या 'पाश्चात्त्य' या विशेषणाच्या जागी 'आधुनिक शास्त्रीय' हे विशेषण आले. दिशा गेली, काळ आला. १९६४ च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्यास हे वैद्यक करण्याची मनाई झाली. १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियमाने अष्टांग आयुर्वेद, सिद्ध व युनानी तिब्ब यांची व्याख्या करताना, परिषद वेळोवेळी जाहीर करील अशा आधुनिक प्रगतीची जोड असो वा नसो, असे पद घातले. या 'असो वा नसो' मध्ये पन्नास वर्षांचे वाद दडलेले आहेत. औषधविषयक १९४५ च्या नियमांतही नोंदणीकृत व्यवसायीच्या व्याख्येत राज्य सरकारला काही व्यवसायींचा समावेश करण्याची मुभा होती, आणि महाराष्ट्राने तिचा उपयोग केला. १९९८ साली मुख्तियार चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा वैध ठरविली, परंतु आधुनिक वैद्यकाचा अधिकार राज्याच्या कायद्यातून मिळाला असला पाहिजे अशी अट सांगितली. प्रश्न पुन्हा राज्याच्या नोंदवहीकडे आला.

त्याआधी १९९६ साली मुंबईतील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने दिलेला निर्णय या साऱ्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. होमिओपॅथीची पदविका व रीतसर नोंदणी असलेल्या एका व्यवसायीने तापाच्या रोग्यास चाचण्या न करता आधुनिक औषधे दिली. प्रथम विषाणुजन्य तापाची, मग विषमज्वराची. रोगी दगावला. त्याच्या पत्नीने ग्राहक कायद्याखाली दाद मागितली. राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने तीन लाख रुपयांची भरपाई देवविली, आणि ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने व्यवसाय करणारा माणूस भोंदूच होय, असा निष्कर्ष काढला. या निर्णयाने 'भोंदू' या शब्दाचा अर्थ बदलला. तोवर भोंदू म्हणजे यादीबाहेरचा. आता एका यादीत असलेला माणूस शेजारच्या यादीच्या दृष्टीने भोंदू ठरू लागला. चरकाचा छद्मचर जणू पुन्हा न्यायालयात उभा राहिला. फरक इतकाच की त्याच्या हातात या वेळी अस्सल प्रमाणपत्र होते.

या निर्णयाने वाद मिटेल अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. २०१४ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपॅथी व्यवसायींस आधुनिक औषधे देण्याची वाट उघडली, आणि ती दुरुस्ती उच्च न्यायालयात गेली. त्यांची नोंद वैद्यक परिषदेने ठेवावी की नाही यावरून २०२५ सालीही डॉक्टरांच्या संघटनेने तीव्र विरोध केला. भांडण औषधाचे जेवढे, तेवढेच वहीच्या पानाचे. २०२० च्या नोव्हेंबरात शल्य व शालाक्य या विषयांच्या आयुर्वेदीय पदव्युत्तरांस ५८ शस्त्रक्रिया शिकविण्यासंबंधी अधिसूचना निघाली, तेव्हा आधुनिक डॉक्टरांनी देशभर निषेध केला. त्यावर केंद्रीय मंत्रालयाने दिलेल्या खुलाशात, आधुनिक परिभाषा ही साऱ्या मानवजातीचा वारसा असून तिच्यावर कोणा एका गटाची मक्तेदारी नाही, अशा अर्थाचे विधान होते. परिभाषेच्या मालकीचा प्रश्न सरकारी पत्रकात इतक्या उघडपणे चर्चिला गेल्याचे उदाहरण विरळा. विधान तत्त्वतः कोणासही मान्य व्हावे. पण शब्दाची मालकी कोणाची नसली तरी त्या शब्दाने दर्शविलेली क्रिया करण्याचे शिक्षण कोणाचे किती, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता तोतयांविषयी. वर्तमानपत्री मराठीने त्यांच्यासाठी 'बोगस डॉक्टर' हा जोडशब्द रूढ केला, आणि सरकारी पत्रव्यवहारानेही तो उचलला. जिल्ह्याजिल्ह्यांत व तालुक्यांत बोगस डॉक्टर शोधण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. शोधाची रीत मात्र कायद्याच्या स्वभावाला साजेशीच असते. प्रथम विचारावयाचे ते नोंदणी-प्रमाणपत्र. ते नसेल तर मग 'व्यवसाय' सिद्ध करावयाचा, आणि येथे व्याख्या नसल्याची अडचण उभी राहते. मूळ इंग्रजी क्रियापदात एखादी विद्या आचरणे एवढाच अर्थ पुरतो. मराठी 'व्यवसाय' या शब्दात पोट भरण्याचा अर्थ मिसळलेला आहे. सर्पदंशावर मंत्र टाकणारा पैसे घेत नाही, घेतले तर विद्या जाते अशी समजूत आहे. हाडवैद्यही कित्येकदा नारळावर काम करतो. लोकभाषेत हे 'व्यवसाय' नव्हेत. मग पंचनाम्यात पुरावा म्हणून येते ते काय? दारावरची पाटी, सुया, सलाईनच्या बाटल्या, औषधांचा साठा. चरकाने छद्मचराची ओळख बाह्य उपकरणांवरून सांगितली होती. आधुनिक तपासही उपकरणांपाशीच येऊन थांबतो.

याच संदर्भात 'आर.एम.पी.' या आद्याक्षरांचा प्रवास नमूद करण्याजोगा आहे. महाराष्ट्रात त्यांचा अर्थ नोंदणीकृत वैद्यकव्यवसायी, एल.सी.पी.एस., डी.ए.एस.एफ., जी.एफ.ए.एम. ही जुन्या पाट्यांवरील अक्षरे जशी पदवी सांगत, तशी ही अक्षरे नोंदणी सांगत. नांदेड जिल्हा ओलांडून तेलंगणात गेल्यास याच तीन अक्षरांनी ओळखला जातो तो बहुधा नोंदणी नसलेला, खेड्यापाड्यांतून प्राथमिक उपचार करणारा माणूस. तेथे 'आर' हे अक्षर 'ग्रामीण' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे समजले जाते. दोन्ही प्रदेश १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. एका राज्यात जे कायद्याचे पद, तेच शेजारच्या राज्यात कायद्याच्या अभावाचे नाव झाले. आणि सरहद्दीवरच्या गावातील रोगी कोणत्या अर्थाने तो शब्द वाचतो, हे पाटीवरून कळत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाने १९५६ च्या अधिनियमाची जागा घेतली. नोंदणीशिवाय व्यवसायासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा वाढली. व्याख्येची पद्धत तीच राहिली. 'आधुनिक शास्त्रीय वैद्यक' हे पदही तसेच.

महाराष्ट्रात या रूढ पद्धतीहून वेगळा असा एक कायदा मात्र झाला, आणि तो वैद्यकाचा म्हणून कोणी वाचीत नाही. २०१३ चा नरबळी व जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा अधिनियम अंधश्रद्धानिर्मूलनाच्या दीर्घ चळवळीतून आला. त्याच्या अनुसूचीत ज्या कृती गुन्हा ठरविल्या आहेत, त्यांत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे यांचा उपचार करणे ही एक आहे; बोटांनी शस्त्रक्रिया करतो असा दावा करणे ही दुसरी. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. येथे उपचार करणाऱ्याची पदवी विचारलेली नाही, त्याने पैसे घेतले की नाही हेही विचारलेले नाही. त्याच्या हातून कोणती कृती घडली, आणि तिच्यामुळे विष चढत असलेला माणूस दवाखान्याच्या वाटेवरून परत फिरविला गेला की काय, एवढेच न्यायालयाने पाहावयाचे आहे.